बाईंचं नामांकन: मसुदा करणाऱ्यासाठी

प्रिय,

पत्र मिळालं. ऊसतोडीतल्या मजुरीचा अभ्यास करणाऱ्या, विभागातून निवृत्त झालेल्या बाईंचं नाव होल्बर्ग पुरस्कारासाठी पाठवायचं विभागाने ठरवलं आणि मसुद्याचं काम तुझ्याकडे आलं, यात नवल काही नाही. सही ज्येष्ठांची आणि लिखापढी धाकट्यांची, ही आपल्या विद्यापीठांतली जुनीच रीत. तरी हे काम वेठ म्हणून करू नकोस. एखाद्या अभ्यासकाच्या आयुष्यभराच्या कामाचं मोल परक्या वाचकाला पटवायचं कसं, हे या एका मसुद्यातून जितकं कळेल तितकं दहा चर्चासत्रांतून कळणार नाही.

आधी पुरस्कार काय आहे ते पाहू. नॉर्वेच्या संसदेने तो २००३ मध्ये स्थापन केला आणि २००४ मध्ये पहिला मान ज्युलिया क्रिस्तेवा यांना मिळाला. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, कायदा आणि धर्मशास्त्र असा त्याचा आवाका. रक्कम साठ लाख नॉर्वेजियन क्रोनर. कारभार बर्गन विद्यापीठ पाहतं. नामांकनांची मुदत १५ जून. पाच अभ्यासकांची समिती ती वाचून मंडळाला शिफारस करते, पुढच्या मार्चमध्ये नाव जाहीर होतं आणि जूनमध्ये बर्गनला सोहळा होतो. शीला जसानॉफ यांना तो २०२२ मध्ये मिळाला, गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांना २०२५ मध्ये. दोघींचा जन्म कोलकात्याचा, पण दोघींचं बहुतेक लेखन इंग्रजीत. ही गोष्ट बाईंच्या बाबतीत महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आत्ताच ध्यानात ठेव.

स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही. विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत वरिष्ठ पदावर असलेल्या कुणीतरी ते पाठवायचं असतं. तुमच्या विभागप्रमुखांनी सही केली तरी नियमात बसेल, पण माझं मत विचारशील तर नको. विभागाने आपल्याच निवृत्त बाईंबद्दल लिहिलेलं काहीही निरोपसमारंभातल्या भाषणासारखं वाचलं जातं. बाईंच्या हाताखाली न शिकलेल्या, त्यांच्याबरोबर पुस्तक न लिहिलेल्या आणि शक्यतो दुसऱ्या देशातल्या अभ्यासकाला नामांकक व्हायला सांगा. मसुदा तू करायला हरकत नाही, पण त्या व्यक्तीने तो वाचून आपल्या शब्दांत फिरवलाच पाहिजे. तसं झालं नाही की शिफारसपत्र आणि नामांकन एकाच हातचं वाटतं आणि दोन्हींची किंमत जाते.

आता मसुदा. तू पाठवलेलं पहिलं पान वाचलं. जन्म, शिक्षण, नोकरी, पदं, समित्या, सन्मान, आणि मग ‘मोलाचं योगदान’. यातलं जवळजवळ सगळं परिचयपत्रात जायला हवं. नामांकनाच्या पहिल्या परिच्छेदाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: या व्यक्तीने काम करण्याआधी विषयात काय गृहीत धरलं जात होतं आणि नंतर काय धरता येईनासं झालं?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं उदाहरण घे. त्या राज्यशास्त्राच्या, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं: गायरान, जंगल, पाणी अशी सामायिक साधनं टिकवायची तर सरकारी ताबा किंवा खासगी मालकी हे दोनच मार्ग आहेत असं मानलं जाई, पण वापरणारे लोक स्वतः नियम घालून ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात, हे त्यांनी ठिकठिकाणची उदाहरणं तपासून दाखवलं. होल्बर्गचे २०२३ चे मानकरी जोआन मार्टिनेझ-अलिएर यांचंही तसंच. पर्यावरणाची काळजी हे पोट भरलेल्यांचे चोचले, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. खाणी, धरणं, कारखाने यांच्याविरुद्ध उभे राहणारे गरीब लोक पर्यावरणच वाचवत असतात, हे त्यांनी मांडलं आणि जगभरच्या अशा संघर्षांचा नकाशा उभा करण्यात पुढाकार घेतला. दोन्ही उदाहरणांत आधीची समजूत, तिला दिलेला धक्का आणि धक्का देणारा पुरावा एका दमात येतात.

बाईंच्या बाबतीत हे वाक्य तू लिहिलेलं नाहीस, पण ते तुझ्याच सातव्या पानावर दडलंय. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल देतो ती त्या जोडप्याला, आणि हिशोब होतो तो कोयत्यामागे. बायकोची मजुरी अशी वेगळी मोजलीच जात नाही. मजुरीचा अभ्यास मजूर हा सुटा माणूस धरून चालतो. बाईंनी दाखवलं की इथे करारच सुट्या माणसाशी होत नाही, आणि म्हणून बाईच्या श्रमाची किंमत हिशोबाच्या वहीत सापडणं शक्यच नाही. हे पहिल्या परिच्छेदात आण. मराठवाड्याचा दुष्काळ, साखर कारखानदारीचा इतिहास वगैरे मागाहून, तेही चार ओळींत. ऊस कधी न पाहिलेल्या वाचकाला तेवढं पुरतं. तो तत्त्वज्ञानाचा असेल, कायद्याचा असेल. त्याला तुमचा जिल्हा ठाऊक असायची गरज नाही, पण आपल्या विषयातली कुठली चौकट या कामाने हलली ते त्याला दिसलं पाहिजे.

दुसरा भाग प्रभावाचा, आणि इथेच बहुतेक मसुदे गळपटतात. ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या’ असं लिहिल्याने ख्याती सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती अशी: कुणी त्यांची कल्पना उचलून दुसऱ्या देशात, दुसऱ्या पिकावर, दुसऱ्या धंद्यावर वापरली? कुणी ती खोडायचा प्रयत्न केला आणि त्यातून वाद उभा राहिला का? कुठल्या विद्यापीठांच्या वाचनयाद्यांत पुस्तक आहे? कुठल्या नियतकालिकांत परीक्षणं आली? टीका झाली असेल तर ती लपवू नकोस. ज्या कामावर कुणी वाद घातला नाही त्याने विषय हलवला, हे पटवणं फार जड जातं.

उद्धरणांचे आकडे, म्हणजे लेखनाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला ते, आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स मात्र या मसुद्यात नकोत. मानव्यविद्यांत मुख्य काम पुस्तकांतून होतं आणि उद्धरण-सूची निबंधांवर उभ्या असतात. त्यातून बाईंचं अर्धं लेखन मराठीत. ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘परामर्श’ यांतले लेख तिथे शोधून सापडायचे नाहीत. आकडा दिलास तर तो कमीच दिसेल आणि वाचणाऱ्याच्या मनात तोच राहील.

नावाचा घोळ आधी निस्तर. बाईंचे सुरुवातीचे लेख माहेरच्या नावाने, नंतरचे सासरच्या. कुठे आद्याक्षरं दोन, कुठे तीन. आडनावाचं रोमन स्पेलिंग दोन तऱ्हांचं. ग्रंथालयांच्या सूचींत या तीन-चार वेगळ्या व्यक्ती झालेल्या असतात. परिचयपत्राच्या माथ्यावर एका ओळीत सगळी रूपं दे आणि बाईंच्या नावाने ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक काढून सगळं लेखन त्याला जोडून घे. क्रमांक फुकट मिळतो, पण काढायचा तो बाईंच्या संमतीने आणि त्यांच्याच ईमेलवरून.

लेखनसूचीत सगळं टाकायचा मोह होईल. संपूर्ण सूची शेवटी वेगळी जोड. मुख्य मसुद्यात निवडक दहा पुरे, आणि त्यांतल्या पाचांखाली दोन-दोन ओळी की या लेखनाने नेमकं काय केलं. मराठी पुस्तकाचं शीर्षक रोमन लिपीत, पुढे कंसात इंग्रजी अर्थ, आणि साल मूळ आवृत्तीचं. हे साल चुकतं तेव्हा नुकसान मोठं होतं. मराठीत आधी मांडलेली कल्पना इंग्रजीत दहा वर्षांनी आली आणि तू फक्त इंग्रजी आवृत्तीचं साल दिलंस, तर मधल्या काळात दुसऱ्या कुणी तेच लिहिलेलं असेल त्याच्यामागून बाई गेल्या असं दिसेल.

मराठी लेखन वाचणार कोण, हा खरा अडथळा. समितीत मराठी वाचणारं कुणी असेल असं धरून चालू नये. एखाद्या महत्त्वाच्या मराठी लेखाचा चांगला इंग्रजी अनुवाद, पंधरा-वीस पानांचा, आजच करायला घ्या. तो नामांकनाला जोडता येईल की नाही हे त्या वर्षीच्या सूचना बघून ठरवा. जोडता आला नाही तरी शिफारस करणाऱ्यांना पाठवता येतो. अनुवाद विषय जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. उचल म्हणजे साधं आगाऊ वेतन असं कुणी करून ठेवलं तर त्यातला कर्जाचा फास निघून जातो आणि बाईंचा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो.

शिफारस करणारे निवडताना सहलेखक, विद्यार्थी आणि त्याच विद्यापीठातले सहकारी वगळ. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या विषयांतले असावेत. त्यांना निदान सहा ते आठ आठवडे द्यावेत. विनंतीबरोबर दोन पानांचा गोषवारा, निवडक सूची आणि मुदतीची तारीख पाठव. प्रत्येकाला वेगळा मुद्दा सुचव: एकाने सिद्धान्ताबद्दल लिहावं, दुसऱ्याने क्षेत्रकामाच्या पद्धतीबद्दल, तिसऱ्याने आपल्या देशात हे काम कसं वापरलं गेलं त्याबद्दल. नाहीतर सगळे तोच परिच्छेद लिहितात. मे महिन्यात परदेशातल्या विद्यापीठांत परीक्षांची धांदल असते, तेव्हा मार्चअखेर पत्रं गेलीच पाहिजेत.

विभागाला एक गोष्ट सांगून बघ. नुसतं होल्बर्गच्या मागे लागू नका. जपानचा फुकुओका पुरस्कार आशियाच्याच अभ्यासाला आणि संस्कृतीला आहे. रोमिला थापर, आशिष नंदी, पार्थ चटर्जी, रामचंद्र गुहा हे त्याचे मानकरी, आणि २०२१ चा मुख्य पुरस्कार पी. साईनाथ यांना. आशियाबद्दलचं काम तिथे आधीपासून समजावून सांगावं लागत नाही. इटली-स्वित्झर्लंडचा बाल्झान पुरस्कार साडेसात लाख स्विस फ्रँकचा, पण त्याचे विषय दरवर्षी बदलतात. २०२४ मध्ये त्यांत विज्ञानाचा इतिहास आणि पुनर्स्थापनात्मक न्याय (शिक्षेपेक्षा झालेली हानी भरून काढण्यावर भर देणारा न्याय) हे होते. विषय जुळला नाही तर पाठवण्यात अर्थ नाही. जुळलाच तर रकमेतला अर्धा वाटा तरुण संशोधकांना बरोबर घेऊन करायच्या प्रकल्पावर खर्चावा लागतो, म्हणजे तुझ्यासारख्यांची सोय. स्पेनचा प्रिन्सेस ऑफ अस्तुरियस पन्नास हजार युरोंचा, २०२१ मध्ये सामाजिक शास्त्रांसाठी अमर्त्य सेन यांना मिळाला. रक्कम तुलनेने लहान, मान मोठा.

शेवटी दबक्या आवाजात विचारलंस, की तुझ्या वयाला यातलं काय. हे मोठे पुरस्कार तुझ्या वयासाठी नाहीतच. होल्बर्गचं धाकटं भावंड, नील्स क्लिम पारितोषिक, पस्तिशीच्या आतल्यांसाठी आहे खरं, पण ते नॉर्डिक देशांपुरतं. इस्रायलचा डॅन डेव्हिड पुरस्कार आता इतिहासाच्या, सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यावरच्या अभ्यासकांना मिळतो, वर्षाला नऊ जणांपर्यंत, प्रत्येकी तीन लाख डॉलर. तोही प्रबंध पुस्तक होऊन वाचला गेल्यावरच. तुझं लक्ष असावं ते पहिल्या पुस्तकाच्या पारितोषिकांवर. अमेरिकेतल्या असोसिएशन फॉर एशियन स्टडीजचं बर्नार्ड कोन पारितोषिक दक्षिण आशियावरच्या पहिल्या पुस्तकालाच असतं. लायडनहून चालणारं आयकास पारितोषिक आशियाविषयक पुस्तकांना आणि प्रबंधांनाही असतं. तुलनात्मक सामाजिक शास्त्रांसाठी स्टाइन रोक्कान पारितोषिक आहे. इथे नामांकनाचा दरबार नसतो. पुस्तक प्रकाशकाने किंवा लेखकाने पाठवायचं असतं. करारावर सही करण्याआधीच प्रकाशकाला विचार: कुठल्या पारितोषिकांना पाठवणार, प्रती कुणाच्या खर्चाने? आणि कॉपीराइटच्या पानावरचं साल बघून घे. डिसेंबरात बाजारात आलेल्या पुस्तकावर बऱ्याचदा पुढचं साल छापलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ग्राह्य धरतात ते छापलेलं साल. यात एक वर्ष हातचं जातं, आणि दुसऱ्यांदा पाठवता येत नाही.

मराठी साधनांवर काम केलं तर बाहेर कोण विचारतो, असंही लिहिलं आहेस. शैलजा पाईक यांचं काम बघ. येरवड्यात वाढलेल्या, आता सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. तमाशातल्या दलित स्त्रियांवर त्यांनी लिहिलं ते मराठी कागदपत्रं आणि कलावंतांच्या मुलाखती यांच्या बळावर. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली: पाच वर्षांत मिळून आठ लाख डॉलर, अर्ज नाही, नामांकन गुप्त. ती अमेरिकेत राहणाऱ्यांना किंवा तिथल्या नागरिकांनाच मिळते, म्हणून तिच्या नियमांत डोकं घालू नकोस. साधनं कशी वापरली ते मात्र पानापानाने बघ.

जाता जाता, ‘इंटरनॅशनल रिसर्च एक्सलन्स’ छापाचं जे ईमेल तू पुढे पाठवलंस ते पुसून टाक. निवड झाल्याचं आधी कळवायचं आणि मग नोंदणी, सन्मानचिन्ह, हॉटेलातला सोहळा यांचे पैसे मागायचे, हा धंदा आहे. होल्बर्ग, बाल्झान यांपैकी कुणी नामांकनाचे पैसे घेत नाही. असल्या सन्मानाची ओळ परिचयपत्रात दिसली की जाणकार वाचक बाकीच्या ओळींकडेही संशयाने बघतो. बाईंच्या परिचयपत्रातही अशी एक ओळ आहे, कुणीतरी हौसेने घातलेली. त्यांना विचारून काढून टाक.

आता नवीन पहिला परिच्छेद लिही आणि सध्या तेवढाच पाठव. दीडशे शब्दांच्या वर नको. त्यात कोयत्याचा हिशोब आला पाहिजे आणि एकही पद नको. ते जमलं की शिफारस करणाऱ्यांची यादी करू.

तुझ्या भल्याची इच्छा करणारं,
तुझं माणूस