अभ्यासिकेचं, स्टेशनवरचं आणि खालच्या दुकानाचं वायफाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेसाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसतो. तिथला वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे आणि त्याच नेटवर तो परीक्षेचे फॉर्म आणि फी भरतो. गावी जाता-येता स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरतो. अभ्यासिकेचं नेट रेंगाळलं की खालच्या दुकानाच्या बिनपासवर्डच्या वायफायवर उडी मारतो. पासवर्ड चोरीला जातील का, व्हीपीएन, म्हणजे आपलं नेट एका कंपनीच्या सर्व्हरमधून गुप्तपणे नेणारी सेवा, विकत घ्यावं का आणि दुकानाचं नेट वापरण्यात काही गैर आहे का?

दुकानाचं आधी संपवतो. गैर आहे. दार उघडं दिसलं म्हणून कुणाच्या घरात शिरून पंख्याखाली बसत नाही आपण. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना नेटवर्कमध्ये शिरण्याचा उल्लेख आहे. भावाला कुणी त्यासाठी कोर्टात खेचणार नाही, पण मुद्दा दुकानदाराच्या बाजूनं बघा. कनेक्शन त्याच्या नावावर आहे, त्यावरून जे जाईल त्याची पहिली विचारपूस त्याच्याकडे होते. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता आणि पोलीस आधी त्या घरी पोचले होते. २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सार्वजनिक वायफायवर येणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या. स्टेशनवर ओटीपी मागतात तो ह्याच कारणानं. तेव्हा भावाला सांगा, खाली उतर, एक चहा घे आणि विचार. कोल्हापुरात असं विचारल्यावर नाही म्हणणारा दुकानदार शोधावा लागेल. आणि वायफाय उघडं राहिलंय हे त्याला सांग, बहुतेक त्याला माहीतच नसेल.

आता भिंतीवरचा पासवर्ड. पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षित आणि नाही म्हणजे धोक्याचं, अशी आपली सरळ समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. बिनपासवर्डच्या नेटवर्कवर फोन आणि राउटर यांच्यातलं हवेतलं बोलणं उघडं असतं. डब्ल्यूपीए२ वर, म्हणजे पासवर्डवाल्या वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत, ते गुप्त असतं, पण गुप्त लिपीची किल्ली तयार होते ती त्याच पासवर्डातून आणि जोडणी होताना दोघांत झालेल्या देवाणघेवाणीतून, म्हणजे हँडशेकमधून. पासवर्ड भिंतीवर वाचता येतो. हँडशेक लॅपटॉपवर पकडता येतो. तो हुकला तर तुमच्या फोनला खोटा निरोप पाठवून राउटरपासून क्षणभर तोडायचं, फोन परत जोडून घेतो, आणि हँडशेक हातात. मग शेजारच्या बाकावरच्याला तुमचं बोलणं उलगडता येतं. चाळीस जणांना माहीत असलेला पासवर्ड हे कुलूप नव्हे, कडी आहे. त्यापुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही वाट बंद केलेली आहे, पण त्यासाठी राउटर आणि फोन दोन्ही तसे हवेत.

तरीही घाबरायचं कारण पूर्वीइतकं उरलेलं नाही. २०१० साली फायरशीप नावाचं ब्राउझरचं एक जोडसाधन आलं होतं. कॅफेत बसून डाव्या बाजूच्या यादीतल्या नावावर क्लिक केलं की त्या माणसाचं चालू फेसबुक तुमच्या पडद्यावर. कारण तेव्हा लॉगिनपुरतंच एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारी पद्धत, वापरायचे आणि नंतर सगळं उघड्यावर. आज बँका, ई-मेल, यूपीआय, परीक्षांची पोर्टलं सगळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एचटीटीपीएसवर चालतात. हवेतलं बोलणं कुणी उलगडलंच तरी आत दुसरा कुलूपबंद डबा असतो. त्याला कळतं ते इतकंच की तुम्ही अमुक बँकेच्या साइटवर गेलात. तिथं काय टाइप केलंत ते नाही. हे साइटचं नावही लपवायचं असेल तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' (साइटचा पत्ता गुप्तपणे विचारण्याची सोय) आहे, तो चालू केला की बरंचसं झाकलं जातं. सगळं मात्र नाही.

म्हणून चोरानंही धंदा बदलला. हवेतून पकडण्याऐवजी तो आता तुमच्याकडूनच लिहून घेतो.

कसं, ते नीट बघा. स्टेशनवर रेलटेल ह्या रेल्वेच्या कंपनीचं 'रेलवायर' नावाचं वायफाय आहे. त्याच नावाचं उघडं नेटवर्क कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला नाव देऊन दहा सेकंदांत उभं करू शकतो. नावावर कुणाची मालकी नसते. फोन ओळखतो ते नाव आणि सुरक्षेचा प्रकार, बस्स. आधी एकदा जोडला असेल आणि ऑटो-कनेक्ट चालू असेल तर खिशातला फोन तुम्हाला न विचारता ह्या तोतयाला चिकटतो. मग 'साइन इन टू नेटवर्क' अशी सूचना येते, पान उघडतं, रंग आणि बोधचिन्ह हुबेहूब. खऱ्या पानावर मोबाइल नंबर आणि आलेला ओटीपी, एवढंच मागतात आणि दिवसातली पहिली ३० मिनिटं फुकट मिळतात. तोतया पान एक पायरी जास्त चढतं: 'गुगलनं साइन इन करा', 'पडताळणीसाठी १ रुपया कार्डानं भरा', नाहीतर 'वायफाय वेगवान करणारं हे ॲप उतरवा'. ह्यातलं काहीही दिसलं की पान बंद आणि नेटवर्क 'फरगेट'. आलेल्या ओटीपीचा एसएमएसही पूर्ण वाचा. त्यात वायफायऐवजी बँकेचं किंवा व्हॉट्सॲपचं नाव असेल तर तो ओटीपी वायफायचा नाहीच, दुसरीकडे कुणीतरी तुमच्या नावानं लॉगिन करतंय.

खरं पानही कधीकधी उघडत नाही आणि माणूस वैतागून नको ते करतो. पान न उघडण्याची कारणं साधी असतात. वायफायच्या लॉगिन यंत्रणेला तुमची पहिली मागणी अडवून स्वतःचं पान पुढे करायचं असतं. एचटीटीपीएसमध्ये अशी अडवणूक चालत नाही, म्हणून ब्राउझर 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणून ओरडतो. तिथं 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जाऊ नका. ॲड्रेस बारमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाइप करा. ही साइट मुद्दाम साध्या एचटीटीपीवर ठेवलेली आहे, ती अडवली जाते आणि लॉगिनचं पान समोर येतं. तरी नाही आलं तर प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुठलं नाव भरून ठेवलंय का बघा, ते तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' करा. व्हीपीएन चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत बंद.

लॉगिन झाल्यावरही तीच सूचना बँकेच्या किंवा मेलच्या साइटवर आली तर प्रकरण वेगळं. एकदा फोनची तारीख-वेळ बघा, ती चुकलेली असली तरी हीच सूचना येते. वेळ बरोबर असेल तर ते नेटवर्क सोडा. मोबाइल डेटावर तीच साइट बिनबोभाट उघडली की समजा, गडबड वायफायमध्ये होती.

फी भरण्याबद्दल माझं मत ठाम आहे, पण कारण चोरीचं नाही. अभ्यासिकेच्या गर्दीच्या नेटवर पैसे भरताना खरा त्रास होतो तो जोडणी तुटल्याचा. वायफाय कमजोर झालं की फोन स्वतःहून मोबाइल डेटावर जातो, आयपी पत्ता (नेटवरची फोनची ओळख) बदलतो, पोर्टलचं सेशन तुटतं. खात्यातून रक्कम वजा, फॉर्मवर 'अनपेड'. मग घाईत दुसऱ्यांदा भरतात आणि परताव्याच्या मागे लागतात. म्हणून फॉर्म भरताना सुरुवातीलाच वायफाय बंद करा आणि शेवटच्या पावतीपर्यंत मोबाइल डेटावरच राहा. काही एमबीचं काम आहे. रक्कम अडकलीच तर व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, पोर्टलवर 'पेमेंट स्टेटस' तपासा, लगेच पुन्हा भरू नका. आणि शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी भरू नका, हे सांगूनही कुणी ऐकत नाही ते सोडा.

आता व्हीपीएन. भावाच्या कामासाठी विकत घ्यायची गरज नाही. व्हीपीएननं विश्वास नाहीसा होत नाही, अभ्यासिकेच्या राउटरवरून उचलून त्या कंपनीवर ठेवला जातो. फुकट व्हीपीएन तर अजिबात नको, सर्व्हरचा खर्च कुठूनतरी निघायलाच हवा. तोतया पानावर तुम्हीच पासवर्ड लिहून दिलात तर कुठलंच व्हीपीएन वाचवत नाही. तो पैसा डेटा पॅकला लावा.

फोनमध्ये एकदाच करायच्या गोष्टी पाच मिनिटांत होतात. सेव्ह केलेल्या नेटवर्कांची यादी उघडा आणि स्टेशन, लॉज, कॅफे यांची उघडी नेटवर्कं फरगेट करा. ठेवायचंच असेल तर ऑटो-कनेक्ट बंद. फाइल शेअर करण्याची सोय 'एव्हरीवन'वर असेल तर 'कॉन्टॅक्ट्स'वर आणा. लॅपटॉप विंडोजचा असेल तर नेटवर्क 'पब्लिक' ठरवा, 'प्रायव्हेट' ठेवलं तर शेअर केलेली फोल्डरं शेजाऱ्याला दिसू शकतात. मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

एक गोष्ट विषयाला लागून आहे म्हणून. वायफायपेक्षा जास्त जपायला हवं ते झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर. तिथं आधारची पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये तशीच राहते आणि व्हॉट्सॲप वेब चालू राहतं. निघताना फाइल पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा, फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तो संगणक काढून टाका. चालेल तिथं मास्क्ड आधारच (पहिले आठ अंक झाकलेलं) द्या.

शिष्टाचाराचा प्रश्न तुम्ही नेट रेंगाळण्यापाशी सोडलाय, पण मूळ तिथंच आहे. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. त्यामुळे वाटून घ्यायचा असतो तो वेळ. राउटरपासून लांब, दोन भिंतींपलीकडे बसलेला फोन कमी वेगावर बोलतो. ५४ एमबीपीएसवर जे काम एका क्षणात होतं त्याला ६ वर नऊपट वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळी अभ्यासिका थांबते. तेव्हा कोपऱ्यात एक काडी रेंज असताना व्हिडिओ बघणारा स्वतःपेक्षा इतरांचं जास्त नुकसान करतो. उठून राउटरजवळ बसावं, नाहीतर मोबाइल डेटा वापरावा.

दुसरी चोरटी खादाडी खिशातल्या फोनची. माणूस इतिहासाचं पुस्तक वाचत असतो आणि फोन गुपचूप ३ जीबीचं अपडेट ओढत असतो. २० एमबीपीएस मिळत असतील तर ते ओढायला २० मिनिटं लागतात, आणि असे दहा फोन एका वेळी लागले तर विचारायलाच नको. उपाय सोपा. अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'ट्रीट ॲज मीटर्ड' निवडा, आयफोनमध्ये 'लो डेटा मोड'. फोटोंचा बॅकअप आणि अपडेटं थांबतात, व्हॉट्सॲप आणि ब्राउझर चालू राहतात. लेक्चरं बघायची तर १०८० ऐवजी ४८० वर बघा. फळ्यावरचं अक्षर तेवढ्यावर वाचता येतं. टॉरेंटवरून काही उतरवायचं नाही. पासवर्ड मित्रांना वाटायचा नाही आणि आपल्या फोनवरून त्याच वायफायचा हॉटस्पॉट करून पुढे द्यायचा नाही.

अभ्यासिकेच्या मालकांना हे दाखवायचं असेल तर त्यांच्यासाठी चार ओळी. सदस्यांसाठी 'गेस्ट' नेटवर्क वेगळं करा आणि त्यावर 'एपी आयसोलेशन' लावा, म्हणजे एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनपर्यंत पोचणार नाही. सीसीटीव्ही आणि ऑफिसचा संगणक मुख्य नेटवर्कवर, त्याचा पासवर्ड कुणाला नाही. राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आलेला असेल तो आज बदला आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी एकच चॅनल, रुंदी २० मेगाहर्ट्झ. राजारामपुरीत गल्ली-गल्लीत राउटर आहेत, ४० ठेवून वेग वाढत नाही, गोंधळ वाढतो. सदस्यांचे नवे फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. 'ऑब्टेनिंग आयपी ॲड्रेस'वर फोन अडकत असतील तर बहुतेक राउटरकडचे वाटायचे पत्ते संपलेले असतात: साठ्यात (पूलमध्ये) १०० पत्ते, एकदा दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत (लीज) २४ तासांची, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळच्या तीन बॅचमध्ये माणशी दोन उपकरणं. लीज दोन तासांवर आणली की अडचण सुटते. पासवर्ड दर महिन्याला, फी भरण्याच्या तारखेला बदला.

भावानं स्टेशनवरच्या एखाद्या पानावर आधीच मेलचा पासवर्ड टाकलेला असेल, तर आजच मोबाइल डेटावरून तो बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का तेही सेटिंग्जमध्ये बघून घ्या, ते बहुतेकांकडून राहून जातं. कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड.