रोज सकाळी पोट दुखतं, आणि काउन्सेलर मॅडम मला काहीच सांगत नाहीत

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. मुलगी सातवीत, १२ वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज व्हॅन यायच्या वेळेला तिचं पोट दुखतं, रविवारी मात्र काही नाही. डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी नॉर्मल आली. आता शाळेतल्या काउन्सेलर मॅडम तिला आठवड्यातून एकदा बोलावतात. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणतात, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. मी आई आहे ना, मग मला का नाही? सासूबाई म्हणतात पोरीवर वेडी म्हणून शिक्का बसेल, बंद करा. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, बंद करू नका प्लीज. मी पण शाळेत हेच काम करते, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

पहिलं म्हणजे तिचं पोट खरंच दुखतं, नाटक नाहीये. मनावर ताण आला की आतड्यांवर लगेच परिणाम होतो, आणि या वयात मुलांना मनातलं शब्दांत सांगता येत नाही मग ते पोटातून, डोक्यातून बाहेर येतं. १० ते १४ ही वर्षं तशी अवघडच, शरीर बदलत असतं, पाळी सुरू होते, आणि आई-बाबांपेक्षा मैत्रिणी काय म्हणतील याचीच जास्त धास्ती असते.

माझ्याकडे एक मुलगा यायचा (ओळख पटेल असं काही सांगत नाही). तीन आठवडे तो नुसता पाण्याच्या बाटलीवरचं स्टिकर नखाने खरवडत बसायचा, मी पण गप्प बसायचे, कधी चित्र काढायला कागद द्यायचे. चौथ्या वेळी स्टिकर संपलं आणि खाली बघतच म्हणाला, मॅडम डबा खाताना मला कुणी शेजारी बसू देत नाही. एवढंच. आता हे मी त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं असतं तर वडील दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्या मुलांना रागावले असते आणि हा परत माझ्याकडे फिरकला नसता. मी क्लासटीचरशी बोलले, बाकं बदलली, मधल्या सुट्टीत त्याला आणि अजून दोघांना लायब्ररीचं काम दिलं, आणि महिन्याभराने त्याने स्वतःच आईला सांगितलं, मी फक्त शेजारी बसले होते.

म्हणून मॅडम सांगत नाहीत. तुमच्यापासून लपवायचं म्हणून नाही हो, तिला कुठेतरी बोलता यावं म्हणून. पण जिवाला धोका असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा कुणी वाईट वागत असेल तर गप्प बसता येत नाहीच, आणि लैंगिक छळाचं असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. चांगल्या काउन्सेलर मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगतात.

शिक्क्याचं म्हणाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काउन्सेलिंगचा रकाना नसतो. सासूबाईंना एवढंच सांगा की गणित अडलं की सरांकडे जातो तसं हे. काउन्सेलर गोळ्या देत नाहीत, तशी गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतात आणि ते तुम्हाला सांगूनच. मधे तुम्हालाच फार घाबरल्यासारखं झालं तर १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मॅडमना "ती काय म्हणाली" विचारू नका, "घरी मी काय करू" विचारा, याचं उत्तर त्या नक्की देतील. सकाळी व्हॅनच्या घाईत पोटाची चौकशी नको. संध्याकाळी तुम्ही पोळ्या लाटताना ती ओट्याशी येऊन उभी राहते ना, तेव्हा काही न विचारता एक गोळा तिच्या हातात द्या, मुलं अशा वेळी बोलतात, समोर बसवून नाही. आणि मॅडमना भेटायला जाल तेव्हा तिला आधी सांगून जा, तिच्या मागून नको.