‘वेचणी होऊ द्या, मग पाहू’

“माय दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर धावते. जबरदस्तीनं नेऊ का?” असं विचारणारी मुलं-सुना दिवाळीच्या आसपास माझ्याकडे सल्ला मागायला जास्त येतात. कापूस फुटलेला असतो, आणि अशा वेळी घरातल्या बाईचं दुखणं सगळ्यात शेवटी मोजलं जातं. मी त्यांना सांगते, दुखण्याचं राहू द्या, आधी पैशाचं बोला.

मंदाताईंचंच घ्या. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घरची तीन एकर कोरडवाहू. मुलगा नागपूरजवळ बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. सणाला घरी आला तेव्हा दोन पायऱ्या चढल्या की माय भिंतीला हात लावून थांबते, हे त्याला दिसलं. वर्षभर तिच्या अंगावरून रक्त जात होतं, पंधरा-पंधरा दिवस. एका खासगी डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं, “गर्भाच्या पिशवीत गाठ आहे, काढावी लागेल, चाळीस हजार धरून चाला.” त्या दिवसापासून तिनं दुखण्याचा विषयच बंद केला. रिपोर्ट मुलाला सापडला तो कपड्यांच्या पेटीत, तळाशी.

मुलगा म्हणाला, “लय हट्टी हाये.” गावची आशा कार्यकर्ती तिला घेऊन आली, तेव्हा मला तरी ती हट्टी वाटली नाही. मी विचारलं, “चाळीस हजार ऐकल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं?”

“बैलजोडी.”

सासऱ्यांच्या आजारपणात नागपूरला नेताना बैलजोडी विकली होती, वर सावकाराचंही घेतलं होतं. “बुढा बी गेला अन् बैल बी गेले. फेडता फेडता पोराचं आयटीआय राहून गेलं. आता माह्यासाठी काय विकाचं, म्याडम?” या बाईला दुखण्याची जाण नाही असं कोण म्हणेल? तिनं घराचा हिशेब मांडला होता आणि त्यातून स्वतःला वजा केलं होतं. अशा माणसाला ‘जिवापेक्षा पैसा मोठा आहे का’ असं सुनावलं की ते आणखी मिटून जातं. पैसा आपला नसला की असं बोलणं फार सोपं असतं.

तिच्या पिशवीत औषधाच्या पट्ट्या होत्या. पंधरा गोळ्या लिहून दिलेल्या, पण कात्रीनं कापून आणलेल्या पाच. जोडीला रक्तवाढीचं महागडं टॉनिक. उपकेंद्रातून फुकट मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या मात्र तिनं टाकून दिल्या होत्या, कारण संडास काळी व्हायला लागली. त्या गोळ्यांनी तसं होतंच, घाबरायचं नसतं. एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही हिशेबच केला, केसपेपरच्या पाठीमागे. पूर्वी दिवसाला किती वेचत होतीस? “चाळीस किलो.” आता? “वीस बी होत नाई, दम लागते.” दर किलोला दहा रुपये. ती बोटांवर मोजत थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हंजे रोजचे दोनशे तं जाऊनच रायले.” इथून पुढे मला तिचं मन वळवावं लागलं नाही, फक्त वेळापत्रक ठरवायचं होतं.

तिचं हिमोग्लोबिन सहा, म्हणजे फारच कमी, निघालं. डॉक्टरांशी बोलून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रक्त चढवणं लांबवता येत नव्हतं; ऑपरेशन दुसऱ्या वेचणीनंतर चाललं असतं. रक्त उपजिल्हा रुग्णालयात चढलं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पण सोबतच्या माणसाचं जेवण आणि बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही, आणि खेड्यातला माणूस अडतो तो बहुधा तिथेच. तिला तर बचत गटाच्या हप्त्याचीही धास्ती होती, कारण एकीचा चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो. गटातल्या बायकांना आधीच सांगून ठेव, एवढंच मी सुचवलं. त्यांनी सांभाळून घेतलं.

ऑपरेशनचा मार्ग मुलाच्या मोबाइलमध्ये निघाला. पगार चौदा हजार. पगाराच्या चिठ्ठीवर 105 रुपयांची कपात. “कायचे हायेत हे?” त्याला ठाऊक नव्हतं. ते ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के त्यात कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, आणि कामगारावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही इलाज त्यात होतो. फक्त कुटुंबाच्या नोंदीत त्यांची नावं हवीत. याच्या नोंदीत कुणाचंच नव्हतं. ठेकेदारानं फॉर्मसाठी बरंच फिरवलं, पण नाव चढलं. नागपूरला ऑपरेशन म्हणजे मुलगाही जवळ, त्यामुळे राहण्या-जेवणाचा प्रश्नही मिटला.

ज्यांच्या घरात असा पगार नाही, त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं आधी विचारावं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधी, पैसे भरण्याआधी, योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या माणसाला, गाठायचं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच पाहून ठेवा. ऐनवेळी माणूस तिथेच अडकतो.

मंदाताईंना मी आणखी एक गोष्ट सरळ विचारली होती: मरून जावं असं वाटतं का? आमच्या भागात हे विचारायला लाजून चालत नाही. त्यांना तसं वाटत नव्हतं. तुमच्या घरातलं कुणी ‘मी गेले तर सगळे सुटतील’ असं बोलत असेल, तर खर्चाचा हिशेब बाजूला ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर लगेच फोन करा. फोन फुकट आहे.

ऑपरेशनच्या तारखेवरून मंदाताई आणि त्यांच्या नवऱ्यात थोडं वाजलं. तिला फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरचा वाढीव कापूस, घ्यायची होती, त्याला नको होती. कागद घ्यायला तो एकटाच आला आणि दारातून परत फिरून म्हणाला, “म्याडम, मले बी बीपी हाये. माहं नाव चढते का त्याच्यात?”

चढतं. त्याच फॉर्मवर, तिच्या नावाखाली.