शिल्लक दिसली की आधी कारण विचारा

प्रश्न : ताई, मी नऊ वर्षं एका उत्पादन कंपनीत लेखापाल आहे. महिनाअखेरचे हिशेब, ताळेबंद, लेखापरीक्षण हे सगळं केलेलं आहे. आता एका सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या मुख्य कार्यालयात, लेखा विभागात नोकरी मिळते आहे. संस्थेखाली बरीच रुग्णालयं आणि दवाखाने आहेत. बरोबरचे लोक म्हणतात, ‘तिथे नफाच नसतो, मग हिशेब कशाचा ठेवणार? अनुदान यायचं, खर्च दाखवायचा, संपलं. चार वर्षांत गंजून जाशील.’ तुम्ही या कामात इतकी वर्षं काढलीत. जाऊ की नको? आणि गेलो तर पहिल्या वर्षात काय शिकून घेऊ?

उत्तर : जा. गंजण्याची भीती मनातून काढून टाका.

कंपनीत नफ्याचा आकडा लेखापालाचं बरंचसं काम करून टाकतो. माल खपला का, भाव बरोबर लागला का, वसुली वेळेवर झाली का, सगळ्याची उत्तरं शेवटी त्या एका ओळीत येऊन बसतात. आरोग्य संस्थेत ती ओळ कामाला येत नाही. वर्षअखेरीस जमा आणि खर्च जुळले म्हणून रुग्णांना उपचार नीट मिळाले, असं होत नाही. त्यामुळे आकड्यामागे काय आहे ते बघायला आपल्यालाच उठून जावं लागतं. मी तेवीस वर्षं हे करते आहे. हिशेबनिसाचा खरा कस इथेच लागतो, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या पहिल्या वर्षातला एक प्रसंग सांगते. मीही खासगी कंपनीतूनच आले होते. तिसऱ्या तिमाहीचा अंदाजपत्रकीय आढावा करत असताना एका रुग्णालयाचं यंत्र-देखभालीचं शीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातला त्या खर्चाचा रकाना, नजरेत भरलं. नऊ महिने उलटले होते आणि तरतुदीतली निम्मी रक्कमही खर्च झालेली नव्हती. जुन्या सवयीने मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘बचत’. बैठकीत त्या रुग्णालयाचं कौतुक झालं. उरलेली रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळवायची असं ठरलं आणि पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव करायचं काम माझ्याकडेच आलं.

प्रस्तावाला यंत्रांची यादी जोडायची होती. ती फोनवर मिळेना, म्हणून मी स्वतः गेले. निर्जंतुकीकरण विभागात दोन ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारी यंत्रं, होते. एक चालू होता, दुसऱ्याच्या दाराला सुतळीने ‘बंद’ अशी पाटी बांधलेली. तिथल्या सिस्टरनी शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा एक कापडी गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि त्याच्यावरची चिकटपट्टी बघायला सांगितली. त्या पट्टीवर फिकट तिरक्या रेघा असतात. गठ्ठा वाफेतून जाऊन आला की त्या काळ्या होतात. माझ्या हातातल्या गठ्ठ्यावरच्या रेघा फिकटच होत्या. मागच्या रॅकवर तसेच फिकट रेघांचे गठ्ठे वरपर्यंत रचून ठेवले होते. १३४ अंशांवर वाफेत ठेवायचं ते जेमतेम तीन-चार मिनिटं, पण यंत्र तापणं, हवा बाहेर काढणं, गठ्ठे सुकवणं हे सगळं धरून एका फेरीला बराच वेळ जातो. एकाच यंत्रावर दोघांचा भार पडला होता. तातडीच्या शस्त्रक्रियांना गठ्ठे पुरत होते, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जात होत्या. देखभालीच्या कंत्राटाचं नूतनीकरण एका सहीवाचून पाच महिने पडून होतं.

मी ज्याला बचत म्हटलं होतं, ते हे बंद यंत्र होतं.

परत येऊन शेरा खोडला आणि लिहिलं, ‘खर्च झालेला नाही. कंत्राट प्रलंबित, एक ऑटोक्लेव्ह बंद.’ प्रस्ताव मागे घेतला गेला. थोडी नाराजी झाली, पण सहीही झाली. त्यानंतर कारण कळल्याशिवाय ‘बचत’ हा शब्द मी कुठेच लिहिलेला नाही. पगाराच्या शीर्षात शिल्लक असेल तर परिचारिकांच्या जागा रिकाम्या आहेत का, हे विचारते. औषधांच्या शीर्षात असेल तर पुरवठा आला नाही की बिल आलं नाही, हे बघते. कधीकधी खरोखरच चांगल्या भावात खरेदी झालेली असते. मग तसं लिहिते, आणि ते लिहिताना मनापासून आनंद होतो.

नियमही हेच मागतो. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक क्षेत्र लेखा मानकं, म्हणजे आम्ही ज्यांना इप्सास म्हणतो, त्यातलं २४ क्रमांकाचं मानक अंदाजपत्रकाच्या तुलनेबद्दल आहे. जी संस्था आपलं मंजूर अंदाजपत्रक जाहीर करते, तिने मूळ तरतूद, अंतिम तरतूद आणि प्रत्यक्ष रक्कम शेजारी शेजारी दाखवायची आणि मोठ्या फरकांची कारणं द्यायची. ही कारणं बहुतेक ठिकाणी ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढ्या दोन शब्दांत उरकली जातात. तुम्ही असं कधी लिहू नका.

आता पहिल्या वर्षाबद्दल. कंपनीतून येणाऱ्याकडे एक गोष्ट तयार असते, ती म्हणजे उपार्जित पद्धतीची, पैसे दिले-घेतले जाण्याची वाट न बघता व्यवहार झाला की नोंद करण्याची, सवय. सरकारी हिशेब फार काळ रोखीच्या पद्धतीने चालले, पुष्कळ ठिकाणी अजूनही चालतात. न्यूझीलंडने १९८९च्या सार्वजनिक वित्त कायद्याने आपली खाती उपार्जित पद्धतीकडे नेली. जागतिक आरोग्य संघटनेची वित्तीय विवरणं २०१२पासून इप्सासप्रमाणे होतात. रुग्णालयाला याचा फायदा काय? रोखीच्या हिशेबात, औषध भांडारात येऊन वापरलंसुद्धा गेलं पण बिल चुकतं केलं नाही, तर तो खर्च दिसतच नाही. कागदावर संस्थेची तब्येत उत्तम असते, आणि एक दिवस पुरवठादार कळवतो की थकबाकी मिळेपर्यंत सलाईन येणार नाही. म्हणून ‘माल मिळाला, बिल यायचंय’ ही यादी दर महिन्याला स्वतः तपासा. इतर कामं हाताखालच्यांना दिलीत तरी ही आपल्याकडे ठेवा.

औषध भांडारात एक दिवस पूर्ण बसा. कारखान्यात आधी आलेला माल आधी काढतात. इथे ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा. आज आलेल्या खोक्याची मुदत मागच्या महिन्यातल्या खोक्याच्या आधी संपत असते, हे डोळ्यांनी पाहिलं की मुदतबाह्य साठ्याच्या नोंदीकडे बघण्याची नजरच बदलते. भांडारपाल औषधांची जीवनावश्यक, आवश्यक आणि असल्यास बरं अशी वर्गवारी करतात, तीही समजून घ्या. तिजोरीत कमी पैसे असतील तेव्हा आधी कुणाचं बिल काढायचं, हा निर्णय त्या वर्गवारीवरून व्हायला हवा. सगळ्यात जास्त फोन कोण करतो त्यावरून व्हायला नको.

खर्चाच्या वाटणीचा भाग तुम्हाला सोपा जाईल. धुलाई, वीज, प्राणवायू, प्रशासन यांचा खर्च कक्षांवर वाटायचा आणि एका खाटेचा दिवसाचा खर्च काढायचा. फक्त सरासरीला जपा. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी सारख्या आजारांचे आणि साधारण सारखीच साधनसामग्री लागणारे रुग्ण एका गटात घालायची पद्धत बसवली. तीच डीआरजी, म्हणजे डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप्स. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने १९८३पासून रुग्णालयांना पैसे देण्यासाठी ती लागू केली आणि पुढे अनेक देशांनी तिचे आपापले अवतार केले. पद्धत उपयोगाची आहे. पण ज्या रुग्णालयाकडे इतरांनी पाठवलेले गुंतागुंतीचे रुग्ण येतात, ते सरासरीच्या तुलनेत कायम उधळं दिसतं. त्या रुग्णालयाला जाब विचारणारं पत्र तयार करण्याआधी तिथल्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाला एका दात्याने व्हेंटिलेटर दिले. आम्ही एक पैसाही दिलेला नाही. वरिष्ठ म्हणतात, नोंद केली की घसारा येईल, तूट वाढलेली दिसेल, तेव्हा मालमत्ता नोंदवहीत घेऊ नका. काय करावं?

उत्तर : नोंदवहीत घ्या. फुकट मिळालेली मालमत्ताही मिळाली त्या दिवशीच्या मूल्याने नोंदवायची, असंच इप्सास सांगतं. घसारा म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी थोडीथोडी खर्चात धरणं. त्याबद्दल वरिष्ठांची काळजी मला समजते, पण त्यांना दुसरी बाजू दाखवा. नोंदच नसेल तर ते यंत्र देखभाल कंत्राटाच्या यादीत येणार नाही. सुट्या भागांची तरतूद मागायला आधार राहणार नाही. काही वर्षांनी ते निकामी झालं की त्याच्या जागी नवं हवं, हेही कुणाला सिद्ध करता येणार नाही. घसाऱ्याची ती ओळच पुढच्या यंत्राची मागणी वर्षानुवर्षं मांडत असते.

दात्याचं पत्रही नीट वाचा. ‘फक्त बालरुग्ण विभागासाठी’ अशी अट असेल तर ती नोंदवहीत यंत्राच्या अनुक्रमांकापुढेच लिहून ठेवा. देणगी रोख असेल आणि तिला अट असेल तर तिचा हिशेब वेगळा ठेवा. अडचणीच्या महिन्यात तिला हात लावायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तेव्हा वेगळं खातंच आडवं येतं.

प्रश्न : मी कनिष्ठ लेखापाल आहे. वर्ष संपायला चार दिवस आहेत. हातमोजे आणि सिरिंजचा मोठा पुरवठा अजून आलेला नाही, पण ‘माल मिळाला’ अशी सही करून बिल काढा, नाहीतर निधी परत जाईल, असं सांगितलं जात आहे. निधी परत गेला तर नुकसान रुग्णांचंच आहे. मी सही करावी का?

उत्तर : करू नका. रुग्णांची काळजी तुम्हाला आहे हे तुमच्या पत्रातून दिसतंच, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही सही केलीत की पैसे पुरवठादाराकडे जातील आणि त्याला माल पाठवायची घाई उरणार नाही. आला तरी मोजणी कोण करणार? कागदावर तो आधीच मोजून झालेला असेल. मी एका ठिकाणी अशी सही झालेली पाहिली आहे. अर्धेच खोके आले, आणि उरलेल्यांबद्दल विचारायची सोयच राहिली नाही.

आजच एक टिपण लिहा. पुरवठा आदेशाची तारीख आणि क्रमांक, मागवलेली संख्या, आजपर्यंत आलेली संख्या, पुरवठादाराने कळवलेली तारीख, आणि मालाअभावी कोणत्या कक्षांची अडचण होईल ते. खाली लिहा, ‘ही रक्कम खर्च नसून बांधिलकी आहे. निधी पुढील वर्षात वापरण्यास मुदतवाढ मिळावी.’ ते वरिष्ठांना द्या आणि पोच घ्या. मुदतवाढीची मागणी वर्षाच्या शेवटच्या दिवसानंतर गेली की तिला कुणी विचारत नाही, म्हणून घाई करायची ती इथे करा. कक्षप्रमुखांच्या दोन ओळी जोडल्यात तर टिपणाला वजन येईल.

आणि माल खरंच या चार दिवसांत आला, तर स्वतः भांडारात जा. फाटकावरच्या नोंदवहीतली गाडीची वेळ, चलनावरची तारीख आणि खोक्यांवरचे बॅच क्रमांक जुळवा, एक-दोन खोके उघडून मोजा, आणि मग सही करा.