स्मायली सरळ, तरी एमडी५ वेगळा: आधी ड्राइव्हची कॅशे तपासा

परभणीहून तुम्ही लिहिलंय की घरच्या साठेक सीड्या (कीर्तनं, भीमगीतं, थोड्या कव्वाल्या) सीडीपॅरानोइयाने (ऑडिओ सीडी संगणकावर उतरवणारा प्रोग्राम) काढल्या, सगळीकडे हसरा चेहरा दिसला. पण एक सीडी दुसऱ्यांदा काढली तर दोन ट्रॅकचा एमडी५ (फाइलीचा ठसा, एक बाइट बदलला तरी वेगळा येतो) बदलला. सहाव्या ट्रॅकचा दोन्ही वेळा तोच, पण त्यात टिक-टिक आहेच. मग सीडी खराब की सॉफ्टवेअर?

या दोन वेगळ्या भानगडी आहेत. इन्स्टॉल करणं, सीडीरॉम ग्रुपात युजर टाकणं हे तुम्हाला जमलेलंच आहे, ते सोडतो. कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी एमडी५ बदलणारे दोन ट्रॅक. सीडीपॅरानोइया तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतो, त्याची सगळी भिस्त त्यावर. पण ड्राइव्हला स्वतःची कॅशे (नुकतंच वाचलेलं धरून ठेवणारी मेमरी) असते. दुसऱ्यांदा मागितलं की बरेच ड्राइव्ह तबकडीकडे न बघता कॅशेतलाच तुकडा परत देतात. चुकीचं वाचन चुकीच्याच वाचनाशी जुळतं आणि चेहरा हसतो. सीडीपॅरानोइयाची १०.२ आवृत्ती ही कॅशे चुकवायचा प्रयत्न करते, पण प्रत्येक ड्राइव्हवर ते साधेलच असं नाही. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच: चेहऱ्यावर विसंबलो आणि मागून आणलेल्या सीड्या एकदाच काढून परत करून टाकल्या. त्या काही पुन्हा हाती आल्या नाहीत.

म्हणून एकही सीडी लावायच्या आधी ड्राइव्हची परीक्षा घ्या. तासाभराची, ओरखडा नसलेली सीडी घाला आणि 'सीडीपॅरानोइया डॅश कॅपिटल ए' चालवा. काही मिनिटं लागतात, मध्ये थांबवू नका. शेवटी 'ड्राइव्ह टेस्ट्स ओके विथ पॅरानोइया' ही ओळ आली तरच तो ड्राइव्ह या कामाचा. व्हिपर (सीडी काढायचा दुसरा प्रोग्राम) वापरत असाल तर 'व्हिपर ड्राइव्ह अ‍ॅनलाइझ' हेच करतं आणि निकाल कॉन्फिग फाइलीत लिहून ठेवतं. ओळ आली नाही तर सेटिंगांशी झटापट करू नका, ड्राइव्ह बदला. नांदेड, संभाजीनगरला जुने डेस्कटॉप भंगारात घेणाऱ्यांकडे साटा ड्राइव्ह किरकोळ पैशात मिळतात, दोन घ्या. दोन का, ते पुढे येतं. लॅपटॉपचा पातळ यूएसबी ड्राइव्ह असेल तर तो थेट लावा. साध्या हबवर करंट कमी पडला की ड्राइव्ह मध्येच झटके देतो आणि दोष सीडीला जातो.

आता सहावा ट्रॅक. एकाच ड्राइव्हवर एमडी५ दोनदा जुळला म्हणजे वाचन बरोबर, असं नाही. दुरुस्तीपलीकडची चूक आली की ड्राइव्ह आवाजाच्या शेजारच्या नमुन्यांवरून (सॅम्पल) अंदाजाने मधला नमुना भरतो. तोच ओरखडा आणि तेच लेझर म्हटल्यावर अंदाजही तोच येऊ शकतो. गाजलेल्या सीडीला अ‍ॅक्युरेटरिप या ऑनलाइन साठ्याची साक्ष मिळते, कारण जगात इतरांनीही ती काढलेली असते. तुळजापूरच्या जत्रेतली आराधी गीतं किंवा गावातल्या बुवांचा हरिपाठ तिथे सापडायची आशा धरू नका. आपल्या सीड्यांना साक्षीदार आपणच उभा करायचा, आणि तो म्हणजे दुसरा, वेगळ्या कंपनीचा ड्राइव्ह.

इथे लोक ऑफसेटवर अडकतात. प्रत्येक मॉडेल ठरावीक नमुने पुढे-मागे वाचतं. +६, +३०, +१०२, +६६७ हे आकडे सर्रास दिसतात. एक +६ आणि दुसरा +६६७ असेल तर फरक ६६१ नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाचा साधारण ०.०१५ भाग. कानाला काही कळत नाही, पण एमडी५ जन्मात जुळणार नाही. ऑफसेट काढायला कुणाकडून तरी एखाद्या गाजलेल्या अल्बमची मूळ सीडी घ्या, ती घालून 'व्हिपर ऑफसेट फाइंड' चालवा. सीडीपॅरानोइयात तोच आकडा 'डॅश कॅपिटल ओ'ला द्यायचा. एका सेक्टरात ५८८ नमुने असतात, आणि ऑफसेट ५८७च्या वर गेला की जुन्या सीडी-पॅरानोइयात (व्हिपर आतून वापरतो ती, लिबसीडीआयओवाल्यांची वेगळी आवृत्ती) बग होता. त्यामुळे +६६७ वाल्यांनी १०.२+०.९४+२ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी.

तरीही जुळलं नाही तर दोन्ही फाइलींवर 'सीएमपी डॅश एल' लावा, वेगळे बाइट कुठे ते कळतं. आकड्यातून वेव्ह फाइलीच्या हेडरचे ४४ बाइट वजा करा आणि १,७६,४०० ने (एका सेकंदाचे बाइट) भागा, सेकंद मिळतील. ३१,७५,२४४ आलं तर जागा बरोबर १८ व्या सेकंदाला. हेडफोन लावून तेवढंच ऐका. फरक फक्त पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीला किंवा शेवटच्याच्या अगदी टोकाला असेल तर सोडून द्या. बरेच ड्राइव्ह तबकडीच्या हद्दीबाहेर वाचत नाहीत, तिथे शून्यं भरतात.

फरक मधोमध असेल तर सीडी पुसा. बोअरच्या पाण्याने नाही! आपलं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग. गॅरेजात बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ सुती कापड. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. टूथपेस्टचे सल्ले माझ्या मते दुर्लक्ष करण्याच्या लायकीचे. लेबलच्या बाजूला खोल ओरखडा असेल तर मात्र आशा सोडा, चकाकी देणारा थर तिथेच लेबलखाली असतो. पुसूनही फरक राहिला तर 'डॅश कॅपिटल एस ४' देऊन वेग कमी करून बघा. काही ड्राइव्हना फायदा होतो, काही ऐकतच नाहीत. पुनर्वाचनाची मर्यादा मुळात २० असते. 'डॅश झेड' दिलं की तो हार मानत नाही, रात्रभर घरघरत बसतो. 'डॅश कॅपिटल झेड' चुकूनही नको, त्याने सगळी तपासणीच बंद होते.

जाता जाता: ज्या सीडीवर दीडशे गाणी आहेत ती एमपी३ सीडी. तिला हे काही लागू नाही, फाइली नुसत्या कॉपी करा. आणि 'डिजिटायझेशन'ची पाटी लावलेल्या दुकानांत १२८ केबीपीएसचं एमपी३ पेनड्राइव्हवर भरून 'एकदम ओरिजिनल साउंड' म्हणत पैसे उकळतात, तिथे सीड्या देऊ नका.

जुळलेल्या फाइली 'फ्लॅक डॅश ८ डॅश कॅपिटल व्ही' ने दाबा, म्हणजे आवाज न बिघडता लहान होतात. तासाभराची वेव्ह ६३५ एमबी असते, साधारण निम्म्यावर येते. गाण्यांची नावं फ्रीडीबी या ऑनलाइन यादीत शोधू नका, ते २०२० साली बंद झालं. व्हिपरला 'डॅश डॅश अननोन' पर्याय द्या, टॅग नंतर हाताने भरा.

आणि सहाव्या ट्रॅकमधली टिक दोन्ही ड्राइव्हवर त्याच सेकंदाला, त्याच एमडी५सह आली, तर ती बहुतेक रेकॉर्डिंगमधलीच समजा. कॅसेटवरून सीडी करताना असले आवाज सर्रास राहून गेलेत. फाइल तशीच ठेवा, पुढची सीडी घाला.