लहानग्याचे कपडे आणि जेवण: सुरुवातीला एवढंच पुरे

लहानग्यासाठी काय काय घ्यायचं याची तुम्ही पाठवलेली खरेदीची यादी वाचली. निम्मी खोडून टाका, काही अडणार नाही.

कपड्यांचं आधी. पहिल्या वर्षात बाळाची उंची साधारण २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात त्याच्या निम्मी. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून पुढच्या वर्षाचे ढीगभर कपडे घेऊन ठेवू नका. ही नेहमीची चूक: थंडीचा कपडा नेमका उन्हाळ्यात मापाचा होतो. वापरलेले कपडे बिनधास्त घ्या, फक्त घेताना:

- इलास्टिक ताणून बघा, चेन वर-खाली करून बघा.
- प्रत्येक बटण ओढून बघा. सैल बटण थेट तोंडात जातं.
- गळ्याशी नाडी असेल तर नकोच.

कपडा एक माप मोठा चालतो, बूट मात्र मापाचेच हवेत.

जेवणासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका. घरच्यासाठी शिजतंय त्यातलाच वाटा मीठ-तिखट घालण्याआधी बाजूला काढा. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करूनच द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

वर्षानंतर भूक कमी झाली की सगळे घाबरतात. वाढीचा वेगच मंदावलेला असतो हो! मागे धावून भरवू नका, आणि जेवला नाही म्हणून दुधावर दूध देऊ नका. दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा. जास्त दुधाने पोट भरतं आणि लोह कमी पडतं. नवी भाजी थुंकली तर चिमूटभर पुन्हा वाढा, कधी कधी दहा-पंधरा वेळा वाढावी लागते.

आठवड्याचं वेळापत्रक वगैरे नंतर बघू.