मुलीची इयत्ता आधी बघा

पुण्यात सहा वर्षं सेलेनियम या टूलवर वेब टेस्टिंग केलंत, आता जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातून डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या ऑटोमेशनची (टेस्ट आपोआप चालवायच्या कामाची) ऑफर आहे, सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी. जावं का, असं विचारलंत. ब्लू कार्डाच्या, म्हणजे तिथे राहून काम करायच्या परवान्याच्या अटी सरकारी साइटवर मिळतील. मी २०१४ मध्ये अशाच कामासाठी बव्हेरियातल्या एर्लांगेनला आले, तेव्हा माझीही मुलगी आठच वर्षांची होती. म्हणून लिहितेय.

काम जमेल. रेडिऑलॉजिस्ट ज्या वर्कस्टेशनवर सीटी स्कॅन बघतात, त्यावरचं सॉफ्टवेअर मी तपासते. बटणं, मेनू विंडोजच्या यूआय ऑटोमेशनमधून (स्क्रीनवरच्या गोष्टी टूलला ओळखू देणाऱ्या सोयीतून) सापडतात, पण स्कॅनची प्रतिमा जिथे उमटते ती जागा टूलला नुसती रिकामी चौकट दिसते. मग स्क्रीनशॉट ताडून बघायचे. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की अक्षरांच्या कडा किंचित बदलतात आणि रात्रीत ढीगभर टेस्ट लाल, म्हणजे नापास होतात. मला सगळ्यात छळलं ते रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे दुसरं मशीन दुरून चालवायच्या सोयीनं. टेस्ट लावायची, स्क्रीनवरची ती विंडो बंद करून घरी जायचं, सकाळी बघावं तर एकही क्लिक लागलेला नाही. जोडणी तुटली की त्या सेशनला स्क्रीनच उरत नाही. निघताना टीएसकॉन या विंडोजच्या कमांडनं सेशन कन्सोलवर, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर वळवायचं, हे कळायला तीन आठवडे गेले. आणि बटण त्यावरच्या मजकुरावरून शोधू नका, जर्मन आवृत्तीत सगळं मोडतं. डेव्हलपरच्या मागे लागून प्रत्येक बटणाला ऑटोमेशन आयडी, म्हणजे भाषा बदलली तरी न बदलणारं आतलं नाव, घालून घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतं, मग सवय होते. गणपतीला माणसं भेटतात.

शाळेचं मात्र नीट ऐका. बव्हेरियात चौथीतच, मे महिन्याच्या सुरुवातीला, पुढची शाळा ठरवणारं प्रगतिपुस्तक हातात पडतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (त्याखालची, मधल्या पातळीची). १ सर्वांत चांगला, ६ सर्वांत वाईट. माझ्या मुलीला जर्मन ३, गणित २, परिसर ३. बेरीज आठ. गिम्नाझियमला सात हवी होती. जलचक्र तिला मराठीतून घडाघडा यायचं. बाष्पीभवन, सांद्रीभवन सगळं. पेपरात जर्मन शब्द आठवले नाहीत.

वर्षभरानं एका तुर्की आईनं सांगितलं की पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या, दुसरी मातृभाषा असलेल्या मुलांना ३.३३ पर्यंतही गिम्नाझियमसाठी पात्र ठरवता येतं. गुण जर्मन कच्चं असल्यामुळे गेले आणि ती उणीव भरून निघण्यासारखी आहे, असं शाळेला वाटलं पाहिजे. आम्हाला शाळेत कुणी हे सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे. पण आल्या आल्या शाळा तिला एक वर्ग खाली बसवायला तयार होती, तेव्हा मीच नाही म्हटलं. पुण्यात तिचा पहिला नंबर यायचा, ते मनातून जात नव्हतं. त्या वर्षी संध्याकाळी तिच्याजवळ बसायचं सोडून मी लाल टेस्ट हिरव्या करत बसायचे.

ती रेआलशूलला गेली, छान शिकली, तक्रार कधी केली नाही. ३.३३ चं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुमची मुलगी तिथे दुसरीत बसेल की तिसरीत, हे सही करायच्या आधी शाळेला विचारा. दुसरीत घेत असतील तर हो म्हणा.